छताच्या आतला शेरा

शहरातली निदान हजारभर माणसं तिच्या हातच्या दातांनी जेवत होती, आणि ती मात्र एकटीच जेवायची. दातांच्या एका डॉक्टरच्या मागच्या खोलीत बसून तिनं बत्तीस वर्षं कवळ्या केल्या. पुढच्या खोलीत माणसं आ वासायची, मागच्या खोलीत ही त्यांच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे पुढ्यात घेऊन बसायची. माणसांची तोंडं तिनं पाहिलीच नव्हती म्हणा ना. पण साचा हातात आला की माणूस कळायचा. हा झोपेत दात खातो, ही एकाच बाजूनं चावते, ह्यानं आयुष्यभर रागच गिळलाय. बाजारात कुणी खदखदून हसलं की तिची नजर आधी वरच्या कवळीवर जायची. ‘बसलीय’ असं मनाशी म्हणून ती पुढची भाजी निवडायला लागायची. तिच्या खोल्यांच्या खाली चष्म्याचं दुकान होतं, तो चष्मेवाला तिला कवळीबाई म्हणायचा. तोंडावर म्हणायचा, म्हणून तिला राग नव्हता.

मग डॉक्टरनं यंत्र आणलं. तोंडात बोटभर कॅमेरा फिरवायचा, की पलीकडे मशीन आपोआप दात कोरून देणार. मेण गेलं, प्लॅस्टर गेलं, आणि त्यांच्या मागोमाग बाई गेली. डॉक्टर म्हणाला, “आता आराम करा.” आराम म्हणजे नक्की काय करायचं असतं, ते कुणी तिला शिकवलं नव्हतं. लग्न झालं नव्हतं. आईवडिलांचं करता करता राहून गेलं, पुढे कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन विचारणं हे तर तिच्या रक्तातच नव्हतं. दुकानात सुटे पैसे कमी आले तरी ती मुकाट पायऱ्या उतरायची.

निघण्याच्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात तिला खेळण्यातल्या आगगाडीचा एक डबा सापडला. रडक्या पोरांसाठी डॉक्टरनं पुढच्या खोलीत काचेच्या पेटीत गाडी मांडली होती, तिचाच. छत फुटलेलं. तिनं तो पिशवीत टाकला आणि घरी आणून कवळीच्या मालानंच छत भरून काढलं. हिरड्यांच्या रंगाचं गुलाबी छत! भाचीनं, म्हणजे तिच्या भावाच्या मुलीनं, हसत हसत त्याचा फोटो काढला आणि फोनवर छोट्या गाड्या बनवणाऱ्यांचा कसलासा गट असतो तिथं टाकला. लोक पोट धरून हसले. एकानं तेवढं लिहिलं, ‘जोड दिसत नाही. हे कुणाचं काम?’

ते नकाशेवाले. चार तासांच्या अंतरावरच्या दुसऱ्या शहरात राहणारे, पाणीखात्यात जन्मभर नकाशे काढून निवृत्त झालेले. ज्या छोट्या लाइनच्या गाडीनं ते तीस वर्षं कामावर गेले ती लाइन आता उखडली होती, आणि ती गाडी त्यांना पुन्हा हवी होती, वीतभर लांबीच्या डब्यांची का होईना. चाकं, धक्के, कड्या सगळं लावलेली तयार चासी, म्हणजे डब्याचा खालचा सांगाडा, दुकानात मिळते. मिळत नाही ते वरचं अंग. त्या लाइनचे डबे कोण कशाला बनवेल? म्हणून आठवणीवरून आणि जुन्या फोटोंवरून ते संगणकावर एकेका डब्याचं अंग काढायचे, तयार चासीवर बसेल अशा मापाचं, आणि पातळ रेझिनचे थरावर थर चढवून वस्तू घडवणाऱ्या घरच्या प्रिंटरवर छापायचे. छापण्यापर्यंत ठीक. पुढे कानस आणि कुंचला हातात धरला की त्यांची बोटं थरथरायची.

तेव्हा असं ठरलं. त्यांनी प्रत्येक डब्याची अंगं जोडीनं छापून पाठवायची. तिनं दोन्ही साफ करून, चासीवर बसवून, रंगवून एक डबा स्वतःकडे ठेवायचा आणि एक परत पाठवायचा. म्हणजे एकच गाडी दोन घरांत वाढणार. हे ठरलं त्याला नऊ वर्षं झाली, आणि दोघांनी एकमेकांना अजून पाहिलेलं नव्हतं.

“नऊ वर्षं?” भाची म्हणायची. “आत्या, अगं दिसतात तरी कसे?”

“मला काय ठाऊक. जबडा पाठवला असता तर सांगितलं असतं.”

“या वयात लोक फिरायला जातात गं.”

“मग मी गाडी फिरवतेच की.”

भाची चहा पिऊन जायची. महिन्यातून एकदा यायची, पुढे दोन महिन्यांतून.

काम मात्र बघण्यासारखं. पार्सल फोडलं की राखाडी, अंड्याच्या टरफलासारखी पातळ दोन अंगं निघायची, आतून छापताना दिलेल्या टेकूंच्या काड्यांनी भरलेली. त्या काड्या एकेक करून कापायच्या. मग घट्ट व्हायला थोडा वेळ खिडकीत उन्हाला ठेवायचं, जास्त नाही, नाहीतर भिंत धनुष्यासारखी वाकते. थरांच्या रेघा पॉलिश पेपरनं घासायच्या. आणि मग खरी गंमत. कवळी कुठे टोचते ते बघायला दातांत निळा कागद चाववतात ना, तोच कागद ती अंग आणि चासी यांच्यामध्ये ठेवून हलकं दाबायची. जिथे निळा डाग पडेल तिथेच कानस. असं पाच-सात वेळा केलं की अंग चासीवर असं बसायचं, की जणू जन्मापासून तिथंच होतं. हलका डबा वळणावर उडतो, म्हणून फरशीखाली शिशाचा तुकडा. खिडक्यांना पांढराच डिंक, कारण झटपट चिकटणाऱ्याच्या वाफेनं काच आंधळी होते. चासीच्या खुंट्या तीन कोपऱ्यांवर घट्ट धरतात, पण चौथा कोपरा हमखास खुळखुळतो. तिथं ती टोचणीच्या टोकानं रेझिनचा एक थेंब सोडायची. झाला डबा बंद. पुन्हा उघडायचा तर मोडावा लागेल.

आणि डबा बंद होण्याआधीचीच ही गोष्ट आहे.

नकाशेवाल्यांना एक खोड होती. नकाशाच्या कोपऱ्यात शेऱ्याची चौकट असते. ती रिकामी सोडून कागद पुढे पाठवायचा नाही, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. म्हणून प्रत्येक अंगाच्या छताला आतल्या बाजूनं ते मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ छापायचे. सुरुवातीला कामाचीच असायची. ‘तिसरी खिडकी नाजूक.’ मग एकदा आलं, ‘आज दिवसभर वीज नव्हती.’ तिनं भिंगाखाली ते वाचलं. तिला कुणी वीज गेल्याचं सांगत नसे. तिच्याकडे गेली तर तीही कुणाला सांगत नसे. मग तिनं दात तपासायची टोकदार सळई घेतली आणि परत पाठवायच्या डब्यात, त्या ओळीखाली कोरलं, ‘इथेही.’ आणि डबा बंद करून पाठवला.

पुढच्या जोडीत ओळ आली, ‘आली एकदाची.’

झालं! तेव्हापासून बोलणं सुरू. ‘खोकला धरलाय’ आलं, तिनं ‘वाफ घ्या’ कोरलं, पुढच्या खेपेला ‘आता बरं आहे.’ ‘चष्मा बदलला.’ ‘माझाही बदलायचाय, पण खालचा चष्मेवाला फार बोलतो.’ फोनवर दोघं लिहायचे ते फक्त पार्सल निघालं, पार्सल मिळालं, चासीची खुंटी बदलली, एवढंच. आतलं आत, बाहेरचं बाहेर. तिला ते फार शोभिवंत वाटायचं. ते आपली उत्तरं वाचतात याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नव्हती. कवळी परत आली की कारागीर आधी उलटी करून आतली बाजू बघतो. आपल्या हातचं काम परत आलं आणि उघडून बघितलं नाही, असा माणूस असतो का कुठे?

तीन वर्षांपूर्वी सत्ताविसाव्या डब्यात ओळ आली, ‘भेटायला यावं का?’

त्या दिवशी तिनं कानस हातात धरली नाही. दुसऱ्या दिवशी सळई घेऊन, श्वास रोखून कोरलं, ‘या. रविवारी दुपारी असते.’ चौथ्या कोपऱ्यावर थेंब सोडला आणि त्याच दिवशी डबा पाठवला.

मग रविवार आले. बाई दुपारी घर सोडेना. लग्नकार्याचं बोलावणं असो, भाचीचा वाढदिवस असो, रविवारी दुपारी नाही म्हणजे नाही. दोन कप घासून पालथे. जिन्यावर पाय वाजला की पदर सारखा. पाय वाजायचा तो चष्मेवाल्याकडे उधारी मागायला आलेल्याचा. चार महिन्यांनी पुढची जोडी आली, त्यात ओळ होती, ‘छत थोडं जाड केलं आहे.’ बस्स. जणू काही विचारलंच नव्हतं. तिनं ते गिळलं. विचार बदलला असेल माणसाचा. पण ‘या’ म्हटलेलं परत कसं घ्यायचं? म्हणून रविवार तसेच चालू राहिले. त्यानंतर शेरे कामाचेच येत गेले, आणि गेल्या वर्षभरात तेही थांबले. छताची आतली बाजू गुळगुळीत. तिनं मात्र आपलं कोरणं सोडलं नाही.

आणि गेल्या सोमवारी पार्सल आलं. बरोबर चिठ्ठी नाही, फोनवर निरोप नाही. अंग उलटं केलं, भिंग धरलं, तर छताला तीच ओळ. ‘भेटायला यावं का?’

डबाही तोच, सत्ताविसावा. बाई खुर्चीत बसली. एक्केचाळीस डब्यांच्या फायली त्या माणसाकडे, आणि त्यातून नेमका हाच पाठवला. पुन्हा विचारतोय. लाजेकाजेनं बोलता येईना म्हणून जुनाच डबा पुढे केलाय. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं माणसानं? या वेळी तिनं सळई उचललीच नाही. दोन्ही अंगं कापसात गुंडाळली आणि गुरुवारी सकाळची पहिली बस धरली.

दार नकाशेवाल्यांच्या सुनेनं उघडलं. बाईनं आपण कुठून आलो आणि डबे रंगवतो ते सांगितलं. मागे सगळी खोली खोक्यांनी भरलेली, पडदे उतरलेले, भिंतींवर तसबिरींचे चौकोन.

“अगंबाई, डबेवाल्या बाई तुम्ही! या ना. पसाऱ्याकडे बघू नका हं, शनिवारी निघायचंय आम्हाला. यांची बदली झाली, तुमच्या शहराच्याही पलीकडे. बाबा, बघा कोण आलंय!”

आतून एक उंच, किरकोळ म्हातारा आला. तिनं सवयीनं आधी तोंड पाहिलं. दात स्वतःचे होते. का कोण जाणे, तिला बरं वाटलं.

“बाई? तुम्ही?” ते गोंधळून म्हणाले. “पार्सल फुटलं का वाटेत?”

“नाही. पार्सल नीट आलं.”

“मग माप चुकलं?”

“माप बरोबर आहे.”

 सुनेनं एका खोक्यावरची चादर काढून त्यावर चहा ठेवला. बाईनं कापसातून एक अंग काढलं, टेबलावर उलटं ठेवलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. तोंडानं बोलायची वेळ आली असती तर ती तशीच परत गेली असती. त्यांनी खिशातून भिंग काढलं, वाकले, वाचलं. कानापर्यंत लाल झाले.

“हे... हे मी नाही पाठवलं.”

“बाबा, ते मी छापून पाठवलं,” सून म्हणाली. “तुम्हीच म्हणालात ना, रेझिन उरलंय ते संपव, प्रिंटर द्यायचाय. यादीतली मिळेल ती फाइल लावली. चुकीची लागली का?”

“नाही, नाही. चुकीची नाही.” ते अंगावरून अंगठा फिरवत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, “हा जुना शेरा आहे. तीन वर्षांपूर्वीचा. त्याला तुम्ही उत्तर दिलं नव्हतं.”

“दिलं होतं.”

“कुठे?”

“तुमच्या डब्यात. आतून. तुमच्या ओळीच्या खाली.”

 सून एकदा सासऱ्यांकडे, एकदा बाईकडे बघायला लागली.

“तुम्ही उघडून बघत नाही?” बाई म्हणाली.

“उघडायचा? बसलेला डबा?” त्यांना हे ऐकूनच कसंतरी झालं. “अहो, सही होऊन गेलेला नकाशा आहे तो. त्याला परत हात लावतात का? मी आपला आला तसा काचेच्या कपाटात ठेवत होतो. मला वाटलं, बाईंना हे आवडत नसेल. इतकं लिहिलं, कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. म्हणून बंद केलं.”

“वीज ‘आली एकदाची’ म्हणून लिहिलंत की.”

“आली म्हणून लिहिलं.”

“आणि खोकला?”

“खोकला काय, आपोआप गेला.”

ते उठले. ‘बाबांच्या गाड्या’ असं लिहिलेलं खोकं त्यांनी शोधलं, चिकटपट्टी फाडली आणि खालून सत्ताविसावा डबा काढला. धुरकट हिरवा रंग, पिवळा पट्टा. तिला आपलंच काम बरं वाटलं. त्यांनी डबा तिच्या हातात दिला. तिनं पर्समधून सळई काढली आणि चौथ्या कोपऱ्यात घातली. इतक्या वर्षांत रेझिन कडक झालेलं. टक् असा आवाज झाला आणि छत आडवं चिरलं, एक खिडकी गळून पडली. दोघांच्याही तोंडून एकदमच ‘च्च’ निघालं.

त्यांनी भिंगाखाली वाचलं. वाचायला दोनच सेकंद लागावेत, पण ते बराच वेळ वाकलेले राहिले.

“रविवारी,” ते म्हणाले.

“हो.”

“मी रविवारी रिकामाच असायचो.”

सून हळूच आत निघून गेली. भांड्यांचा आवाज येत राहिला. म्हाताऱ्यानं खोक्यात ओळीनं निजलेल्या बाकीच्या डब्यांकडे पाहिलं.

“या सगळ्यांत आहे?”

“बहुतेक सगळ्यांत.”

“काय आहे?”

“खास काही नाही हो. वाफ घ्या, वगैरे.”

“मोडून बघू?”

बाईनं डब्यांवरून नजर फिरवली. एकाही डब्याची फट दिसत नव्हती.

“नका,” ती म्हणाली. “चांगले बसलेत.”

परतीची बस साडेतीनची होती. ते थांब्यापर्यंत आले. बस यायला पाऊण तास होता. सिमेंटच्या बाकावर दोघं मध्ये एका माणसाची जागा सोडून बसले. नऊ वर्षांचं बोलणं साठलेलं, आणि तोंडातून निघतंय काय, तर हल्ली चासीच्या खुंट्या प्लॅस्टिकच्याच यायला लागल्या, पूर्वी पितळेच्या असत. हो, पितळेच्या चांगल्या होत्या. वळणावर धक्के अडकतात का? नाही, चौथ्या डब्याचे अडकायचे, मी घासले.  समोरच्या दुकानात एक माणूस शिडीवर चढून पाटी पुसत होता. दोघंही जणू त्याची देखरेख करायलाच बसले होते.

लांबून बस दिसली तेव्हा बाईनं तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा तिनं आपण होऊन विचारलं.

“शनिवारी जाताना माझ्या गावावरूनच रस्ता आहे. एक दिवस उतराल का?”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नाही म्हणणं जड जातंय हे दिसत होतं, पण खोटं बोलणारा माणूस नव्हता तो.

“मुलाच्या गाडीतून सगळे एकत्र निघणार. सामानाचा ट्रक पुढे. आता माझं काही माझ्या हातात नाही, बाई. तीन वर्षांपूर्वी होतं.”

“बरोबर आहे,” ती म्हणाली.

बस आली. चढताना त्यांनी तिची पिशवी वर दिली. “तो फुटलेला...” ते म्हणाले.

“तुमच्याकडेच राहू दे. डिंक लावू नका मात्र, डाग पडेल.”

“नाही लावत.”

शुक्रवारी तिनं नव्या अंगाच्या टेकूच्या काड्या कापल्या. दुसरं अंग कुठे पाठवायचं हे ठरलं नव्हतं, ते कापसातच राहिलं. शनिवारी दुपारी ती खिडकीत उभी राहिली नाही, पण मोठ्या रस्त्यावरून ट्रक गेला की तिचा हात थांबायचा. असे अकरा ट्रक गेले.

रविवारी जेवण झालं, भांडी घासली. एकच कप पालथा घातला. मग तिनं पायात चपला घातल्या आणि दाराला कुलूप लावलं. रविवारी दुपारी कुलूप लावायचं म्हणजे किल्ली कुठे ठेवायची हेसुद्धा तिला क्षणभर आठवेना. खाली चष्मेवाला दुकानाच्या पायरीवर पेपर वाचत बसला होता.

“अरेच्चा, कवळीबाई! आज रविवारी बाहेर? कुणी येणार नाही वाटतं?”

“नाही,” ती म्हणाली.

“मग कुठे निघालात?”

हे तिनं ठरवलं नव्हतं. ती कोपऱ्यापर्यंत गेली, तिथून बागेपर्यंत, आणि बागेत एका बाकावर टोकाला बसली. पोरं ओरडत होती. कुणाची तरी आजी हसली, ‘बसलीय’ असं तिच्या मनात आलं नि गेलं. घरी परत जायला हरकत नव्हती. पण चारच वाजले होते, आणि तीन वर्षांत रविवारची दुपार तिच्याकडे सहापर्यंत असायची. म्हणून ती सहापर्यंत बसून राहिली.